गावाच्या वेशीवरचा इतिहास : महाविद्यालयीन शिक्षकांच्या स्थलाधारित कार्यशाळा आणि त्यांची अनुदाने

पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, दोडामार्गच्या हद्दीला लागून इब्रामपूर हे गाव आहे. पलीकडे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा, अलीकडे हणखणे, हसापूर, चांदेल ही गावे आणि खालून वाहणारी तिळारी. हीच नदी पुढे शापोरा म्हणून समुद्राला मिळते. गोव्याच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या गावाचे नाव सहसा येत नाही. गोव्याचा इतिहास म्हणजे जुने गोवे, कदंबांची राजधानी आणि १९६१ ची मुक्ती, एवढ्यावरच बहुतेक वर्ग संपतात. जो विद्यार्थी इब्रामपूर किंवा हणखण्यातून बस धरून महाविद्यालयात येतो, त्याला स्वतःच्या गावाविषयी वर्गात एक वाक्यही ऐकायला मिळत नाही. या त्रुटीवर जगात अनेक ठिकाणी एक उपाय करून पाहिला गेला आहे. शिक्षकांनाच काही दिवस एखाद्या ठिकाणी नेऊन, त्या ठिकाणाच्या आधारे इतिहास शिकवायचा आणि त्याचा खर्च सार्वजनिक अनुदानातून भागवायचा, असा तो उपाय आहे.

'स्थलाधारित इतिहास' हा शब्दप्रयोग नवा असला तरी कल्पना जुनी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे जमवीत असत. त्या भ्रमंतीतूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड उभे राहिले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. स्थलनामांवरून वसाहतीचा क्रम लावण्याचा त्यांचा खटाटोप आज अनेक ठिकाणी पटत नाही. पण नाव हे एक साधन आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावसंस्थेवर लिहिले. ग्रंथांतील पुरावा आणि पायाखालची जमीन एकमेकांना ताडून पाहावीत, हा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप' या पुस्तकात शेताची बांधरेषा, वाट आणि कुंपण हेसुद्धा दस्तऐवज असतात, हे दाखवून दिले. स्थलाधारित कार्यशाळा म्हणजे हीच पद्धत शिक्षकांच्या हाती देण्याचा प्रयत्न होय.

परदेशातील नमुना

या प्रकारच्या अनुदानाचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे १९६५ साली स्थापन झालेली 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' ही संघराज्य संस्था 'लँडमार्क्स ऑफ अमेरिकन हिस्ट्री अँड कल्चर' या योजनेखाली विद्यापीठे, संग्रहालये व ऐतिहासिक स्थळांच्या संस्था यांना अनुदान देत आली. कार्यशाळा एका आठवड्याची असते. देशभरातून निवडलेले शिक्षक त्या ठिकाणी राहतात आणि प्रवास व निवासासाठी त्यांना विद्यावेतन मिळते. शालेय शिक्षकांबरोबरच कम्युनिटी कॉलेजांतील प्राध्यापकांसाठीही अशा कार्यशाळा स्वतंत्रपणे भरवल्या गेल्या. मिसिसिपी राज्यातील डेल्टा स्टेट विद्यापीठाची कार्यशाळा त्यांपैकी विशेष नावाजलेली. मिसिसिपी डेल्टा या एकाच प्रदेशाचे संगीत, वंशभेद, शेती आणि पूर यांचा एकत्र अभ्यास तीत होतो. १९५५ साली एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली, त्या घटनेशी निगडित स्थळे शिक्षक स्वतः पाहतात.

या योजनेतील महत्त्वाची गोष्ट पैशापेक्षा तिच्या रचनेत आहे. अनुदान मागणाऱ्या संस्थेला 'हे ठिकाणच का?' या प्रश्नाचे उत्तर प्रस्तावातच द्यावे लागते. व्याख्याने कोठेही होऊ शकतात. जे त्या जागीच कळते आणि इतरत्र कळत नाही, ते दाखवावे लागते. मात्र सरकारी अनुदानावर उभा असलेला उपक्रम किती ठिसूळ असतो, हेही याच योजनेने दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये या संस्थेची अनुदाने मोठ्या प्रमाणावर एकाएकी रद्द झाली आणि त्या उन्हाळ्यासाठी ठरलेल्या अनेक कार्यशाळा भरल्याच नाहीत.

भारतात पैसा कोठून येतो

भारतात नेमकी या नावाची योजना नाही. पण तेच काम साधता येईल असे मार्ग आहेत आणि ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत.

पहिला मार्ग भारतीय इतिहास संशोधन परिषदेचा. १९७२ साली नवी दिल्लीत स्थापन झालेली ही परिषद संशोधनवृत्ती आणि प्रकाशनासाठी साहाय्य देते, तसेच परिसंवाद, परिषदा व कार्यशाळा यांसाठी संस्थांना अनुदान देते. दुसरा मार्ग भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा. ही संस्था १९६९ ची. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठात असून गोवा त्याच्या कक्षेत येतो. सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांसाठी सुमारे दोन आठवड्यांचे क्षमतावर्धन कार्यक्रम भरवण्यास ही परिषद साहाय्य करते. इतिहास, समाजशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र यांचे शिक्षक एकत्र आणायचे असतील तर हा मार्ग अधिक सोयीचा. आणि गावाचा अभ्यास एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, हे उघडच आहे.

तिसरा मार्ग विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्राचा. पूर्वी अकॅडेमिक स्टाफ कॉलेज, मग मानव संसाधन विकास केंद्र आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र अशी नावे बदलत आलेली ही व्यवस्था आहे. तिचे उजळणी वर्ग शिक्षकांच्या पदोन्नतीशी जोडलेले असल्याने उपस्थितीची चिंता नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीच्या काही टप्प्यांवर निदान एका आठवड्याच्या, म्हणजे पाच दिवसांच्या, कार्यशाळेलाही मान्यता आहे. आयोजकांनी हे ध्यानात ठेवावे. तीन दिवसांची सुंदर कार्यशाळा शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत शून्य ठरू शकते आणि पाच दिवसांची साधारण कार्यशाळाही मोजली जाते. हा नियम कोणाला खटकेल, पण प्रस्ताव लिहिताना त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

याखेरीज केंद्राच्या उच्चशिक्षण अभियानातून (पूर्वीचे 'रूसा', २०२३ पासून 'पीएम-उषा') संस्थांना मिळणारा निधी आणि राज्याच्या उच्च शिक्षण तसेच कला व संस्कृती खात्यांचे साहाय्य यांचाही विचार होऊ शकतो. गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवी स्तरावर लागू केल्यानंतर स्थानिक वारसा आणि ज्ञानपरंपरा यांना अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे. ती जागा कोणत्या साहित्याने भरायची, हा प्रश्न मात्र शिक्षकापुढे आहे. छापील टिपणांनी ती भरली तर अभ्यासक्रम बदलूनही वर्गात काही बदलणार नाही.

इब्रामपूर काय शिकवू शकते

नावापासूनच सुरुवात करता येईल. 'पूर' हा प्रत्यय वसवलेल्या गावाचा. शेजारच्या हसापूरच्या नावातही तो आहे. 'इब्राम' हा शब्द इब्राहिम या नावाकडे बोट दाखवतो आणि हा प्रदेश दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीत होता. पण त्या घराण्यात दोन इब्राहिम झाले. पहिल्याची कारकीर्द १५३४ ते १५५८, दुसऱ्याची १५८० ते १६२७. शिवाय गावाला सुलतानाचेच नाव मिळते असे नाही. एखाद्या स्थानिक अंमलदाराचेही मिळू शकते. नावातून निष्कर्ष किती काढावा आणि कोठे थांबावे, याचा इतका चांगला पाठ व्याख्यानगृहात मिळणार नाही. शिक्षकाने आदिलशाही फर्मान, सावंतवाडीकरांचे मोडी कागद, पोर्तुगीज दफ्तर आणि गावातील तोंडी परंपरा यांत हे नाव सर्वांत आधी कोठे आणि कोणत्या रूपात भेटते, ते शोधावे. उत्तर मिळाले नाही तरी शोधाची रीत हाती लागते.

त्यानंतर सीमेचा प्रश्न येतो. १५१० नंतर पोर्तुगीजांनी तिसवाडी आणि पुढे १५४३ मध्ये बार्देश व साष्टी घेतली, तेव्हा पेडणे त्यांच्या हाती आले नाही. आदिलशाहीनंतर ते वाडीच्या सावंत-भोसल्यांकडे राहिले. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्णचा किल्ला जिंकला आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ व्हाइसरॉयला 'मार्केज द आलोर्ना' हा किताब मिळाला. शापोरा नदीच्या काठचे हे लहानसे गाव त्यामुळे लिस्बनच्या सरदारघराण्याच्या नावात जाऊन बसले. पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ साली, कोल्हापूरकरांशी झगडणाऱ्या खेम सावंतांना मदतीची गरज होती तेव्हा. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. म्हणजे बार्देशात अडीचशे वर्षे मुरलेली सत्ता पेडण्यात पावणेदोनशे वर्षेही टिकली नाही. नव्या काबिजादींत धर्माचाराला मुभा राहिली. देवळे, जत्रा, पेडण्याची पुनव, दशावतार ही सारी परंपरा अखंड का राहिली, याचे बरेचसे उत्तर या तारखांत आहे. नदीच्या एका काठावर उभे राहून दुसऱ्या काठाकडे पाहिले की 'जुन्या' आणि 'नव्या' काबिजादी हे शब्द पुस्तकी राहत नाहीत.

जमिनीचा इतिहास याहून अवघड आहे आणि कार्यशाळेत त्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. जुन्या काबिजादींतील कोमुनिदादींविषयी १५२६ च्या फोरलपासून लिखित साधने आहेत आणि अभ्यासही बराच झाला आहे. तेओतोनियो डिसोझा यांचे 'मिडिव्हल गोवा' हे १९७९ चे पुस्तक गावाच्या अर्थव्यवस्थेचा असा अभ्यास कसा करावा याचा नमुना आहे. पेडण्याकडे ही चौकट जशीच्या तशी लावता येत नाही. येथे मोठे जमीनदार, कूळ आणि मुंडकार यांच्या नात्याचा इतिहास प्रधान आहे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि मुक्तीनंतर झालेली जमीनमोजणी यांनी हे नाते कागदावर तरी पालटले. एक-चौदाचा उतारा गोव्यातील प्रत्येक घरात असतो. त्यावरची नावे, रकाने आणि 'इतर हक्क' या सदरातील नोंदी कशा वाचाव्या, हे इतिहासाच्या शिक्षकाला शिकवले तर तो विद्यार्थ्याच्या घरातील एका कागदापासून गावाच्या शतकापर्यंत पोहोचू शकेल. हा विषय नाजूक आहे. दावे न्यायालयांत आणि मामलेदारांपुढे चालू असतात. कार्यशाळेने कोणाचा हक्क ठरवायचा नसतो आणि कोणाच्या वादात पुरावा पुरवायचा नसतो, हे पहिल्याच दिवशी गावाला व शिक्षकांना स्पष्ट सांगितलेले बरे.

देवळांचेही तसेच आहे. या पट्ट्यात गावोगावी सातेरी आहे. तिचे मूळ रूप वारुळाचे, म्हणजे रोयणीचे. रवळनाथ, भूमिका, राखणदार, मांड या साऱ्यांचा क्रम, कोणत्या घराण्याला कोणता मान आणि कोणत्या वाड्याची कोणती जबाबदारी, ही रचना म्हणजे गावाच्या वसाहतीचा जिवंत आलेख असतो. डिचोली तालुक्यातील साळ गावचे शिमग्यातील गडे पाहायला दुरून माणसे येतात. शिक्षकाने मात्र तेथे चमत्कारापलीकडचे पाहावे: गावातील कोण कोठे उभा राहतो आणि वाट कोठून कोठे जाते.

नदी हा स्वतंत्र अध्याय आहे. तिळारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. त्याचा आंतरराज्य करार १९९० चा. धरणाने पेडण्याच्या शेतीला कालवा आणि चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी दिले. त्याच नदीने ऑगस्ट २०१९ मध्ये साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल, हळर्ण या काठच्या गावांत पूर आणला. पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा फडताळातले कागद, पेटीतल्या सनदा, देवळाच्या जमाखर्चाच्या वह्या सगळ्याच भिजतात. स्थानिक इतिहासाची साधने कोठे असतात आणि ती कशी नाहीशी होतात, हे सांगायला दुसरे उदाहरण नको. दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या पठारावर मोपाचा विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. रस्ते रुंद झाले, जमिनीचे भाव बदलले. जुनी वाट, सीमेचा दगड, वापरात नसलेली विहीर किंवा झाडाखालचा पाषाण यांची नोंद झाली नाही तर रुंदीकरणात ते गेल्याचेही कोणाला कळणार नाही.

विसाव्या शतकाचा पाठ पत्रादेवीला घ्यावा. पेडण्याच्या या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तेथे हुतात्मा झाले. आज तेथे स्मारक आहे. त्याआधी एक वर्ष, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले होते. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्याची एक आघाडी दोडामार्गच्या बाजूने गोव्यात उतरली. त्या रात्रीची आठवण सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांची मुलाखत घेणे हे काम पुढच्या प्रस्तावासाठी ठेवण्यासारखे नाही.

कागदांची दुसरी बाजू

गावात जाण्यापूर्वी दप्तरात जावे लागते. पणजीच्या पुराभिलेख खात्याची परंपरा १५९५ साली दियोगु दु कोतू यांच्या नेमणुकीपर्यंत मागे जाते. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हे दप्तर अभ्यासकांना खुले केले. पिसुर्लेकर मूळचे सत्तरीचे, आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांवरील त्यांचे काम अजूनही टाळता येत नाही. येथे पोर्तुगीजबरोबर मोडी कागदही आहेत. पर्वरीचे झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र, १८३२ च्या सार्वजनिक ग्रंथालयातून वाढलेले पणजीचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आणि वि. त्र्यं. गुणे यांनी संपादिलेले १९७९ चे गॅझेटियर ही पुढची ठाणी. अडचण लिपीची आणि भाषेची आहे. पेडण्याचा अठराव्या शतकाचा अभ्यास करायचा तर मोडी हवी आणि एकोणिसाव्याचा करायचा तर पोर्तुगीज. पाच दिवसांत दोन्ही येणार नाहीत. पण मोडीतील तारीख, गावाचे नाव आणि रक्कम ओळखता येण्याइतकी तयारी एका दिवसात होऊ शकते. तेवढ्यानेही शिक्षकाची भीती जाते.

पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे. डिचोलीत आणि साखळीत महाविद्यालये आहेत. सोहिरोबानाथ स्वतः सीमेपलीकडच्या बांद्याचे, त्यामुळे त्या नावातही दोन्ही बाजू आहेत. यजमान संस्था एवढ्या जवळ असताना कार्यशाळेचे सारे दिवस पणजीच्या वातानुकूलित सभागृहात घालवणे योग्य नव्हे.

प्रस्ताव कोठे अडतो

अनुदानाच्या अर्जात खर्चाचे रकाने ठरलेले असतात: प्रवासखर्च, निवास, भोजन, साधनव्यक्तीचे मानधन, लेखनसामग्री. अडचण साधनव्यक्ती या शब्दाशी येते. रकाना पदवी आणि पदनाम विचारतो. गावच्या सीमा तोंडपाठ असलेला वृद्ध गावकर, दशावतारी कलाकार किंवा कालव्याआधीची पाण्याची वाटणी सांगू शकणारी शेतकरी स्त्री यांना त्यात कोठे बसवायचे? बहुतेक वेळा त्यांना शाल आणि श्रीफळ देऊन विषय संपवला जातो. ज्ञान त्यांचे आणि मानधन मात्र ते ज्ञान पुन्हा सांगणाऱ्या तज्ज्ञाचे, हा व्यवहार बरा नाही. प्रस्तावातच 'स्थानिक माहितगार' असे स्पष्ट लिहून, दर ठरवून, मंजुरी घेतली तर लेखापरीक्षणात हरकत येण्याचे कारण राहत नाही. मंजुरी नसताना दिलेला पैसा मात्र आयोजकाच्या अंगावर येतो.

हिशेबाचे नियमही आधीच वाचावे. केंद्रीय अनुदानाला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू असतात. संस्थेला १२-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि न वापरलेली रक्कम व तिच्यावरील व्याज परत करावे लागते. अनुदान अनेकदा हप्त्यांनी येते. शेवटचा हप्ता अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेबानंतर. तोवरचा खर्च यजमान महाविद्यालयाने सोसावा लागतो. लहान महाविद्यालये याच ठिकाणी माघार घेतात. त्यामुळे दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून प्रस्ताव द्यावा आणि हिशेब सांभाळणारी संस्था एकच ठेवावी, हे व्यवहारात सोयीचे पडते.

गावातून नेलेल्या कागदांविषयी एक अट प्रस्तावात असलीच पाहिजे: मूळ कागद घराबाहेर जाणार नाही. छायाचित्र जागेवरच घ्यावे, एक प्रत घरमालकाला आणि एक पंचायतीला किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी. अभ्यासाला म्हणून नेलेले दप्तर परत न आल्याच्या कहाण्या कोकणात गावोगावी ऐकू येतात, आणि त्या खऱ्या असोत वा नसोत, पुढच्या अभ्यासकापुढे पेटी न उघडण्याला त्या पुरतात. मुलाखतींनाही हेच लागू. ध्वनिमुद्रणाची संमती सांगणाऱ्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. इब्रामपुरात ती भाषा घरची कोकणी असेल आणि लेखी नमुना बहुधा मराठीत.

उरतो वेळेचा प्रश्न. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून खर्चाची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि नेमके तेव्हाच परीक्षा जवळ आलेल्या असतात. जून ते सप्टेंबर तिळारीच्या काठी हिंडणे शक्य नसते. चतुर्थीच्या सुटीत घरोघर गणपती असतो, त्यामुळे मुलाखतीला कोणी मोकळे नसते. दिवाळीनंतर भातकापणी उरकली की डिसेंबर-जानेवारीत वाटा कोरड्या असतात, माणसे घरी सापडतात आणि महाविद्यालयांना नाताळची सुटी असते. त्या काळातील कार्यशाळेचा प्रस्ताव पावसाळा सुरू होण्याआधीच परिषदेकडे पोहोचलेला असावा लागतो.